बालवर्गाच्या भिंतीवरील फराट्यांविषयी

चुडावा,
गुरुवार

तीर्थस्वरूप अण्णासाहेबांच्या चरणी धाकट्या बहिणीचा नमस्कार. (हात हळदीचे आहेत, तेव्हा कागदाच्या कडेला उमटलेला अंगठा ही सही समजू नये.) आपला गुडघा आता जिना चढू देतो का, वहिनींची सकाळची उबळ कमी झाली का, आणि परभणीस आपल्या नळाला पाणी कितव्या दिवशी येते, हे सविस्तर कळवावे. इकडे मी प्रकृतीने ठणठणीत आहे. बुद्धीने ठणठणीत मात्र गावात मी आणि माझ्या वर्गातली अडीच वर्षांची मंडळी, एवढेच उरलो आहोत.

आपण येथल्या घराची रस्त्याकडची खोली मला बालवर्गासाठी दिलीत, तेव्हा अट घातली होती की दिवाळीपर्यंत दहा मुले टिकली तर खोली वर्गाची, नाहीतर ती गोदामासाठी मागणाऱ्या सिमेंटवाल्याची. अट न्याय्य होती. जूनमध्ये मुले अकरा होती. पोळ्यापर्यंत सहा राहिली. गळालेल्या पाचांच्या आईबापांना काय चावले, ते क्रमाने सांगते.

आधी तत्त्व समजून घ्यावे. दोन-अडीच वर्षांचे मूल रंगात हात बुडवते तेव्हा ते चित्र काढत नसते, शोध लावत असते. बोट ओढले की रेघ राहते आणि तळहात ओढला की तीच रेघ पुसली जाते. हळदीत बिटाचा रस घातला की नारिंगी होते आणि त्यात पालक कालवला की (विद्यार्थ्यांच्या अपार आनंदात) शेण होते. यातून मनगटाला बळ येते, नजर हाताच्या मागे जायला शिकते, आणि ‘हे मी केले’ ही जाणीव आयुष्यात पहिल्यांदा होते. मागे उरलेला कागद हा निव्वळ चोथा. रस पिऊन झाल्यावर चिपाडाकडे बोट दाखवून ‘हे काय काढलंय?’ असे कोणी विचारत नाही. चुडाव्यात विचारतात.

पालकसभेत किराणा दुकानवाले बन्सीधर उभे राहिले. "बाई, पोरगं घरी येतंय ते म्हशीवाणी लोळून आल्यासारखं दिसायलंय. माझ्या मेव्हण्याचं पोरगं बघा, शाळेतून हत्ती घिऊन आलं, हत्ती!" तो हत्ती मी मुद्दाम जाऊन पाहिला. त्या वर्गात पंचवीस मुले आणि पंचवीस हत्ती, सगळे एकाच साच्यातून निघालेल्या विटांसारखे. हत्ती बाईंनी कापला, बाईंनी चिकटवला. मुलाने शेपटीला कापसाचा बोळा लावला, तोही बाईंनी सरळ केला. डोळा तर बाईंचाच. अण्णासाहेब, मी सभेत स्वच्छ सांगितले की मोठ्या माणसाने मुलाच्या चित्रात डोळा काढला की ते चित्र मुलाचे राहत नाही, ती चोरी होते. सभेने ऐकले, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून पाच मुले हत्तीकडे वळली.

आता फराट्यांकडे येते. पोळ्याला आपण खोलीला नवा चुना दिलात. त्याच आठवड्यात अर्पिता नावाच्या सव्वादोन वर्षांच्या बाईसाहेबांना कागद अपुरा वाटला, आणि त्यांनी कोपरापर्यंत हळदीच्या खळीत बुडवलेले दोन्ही हात आपल्या भिंतीवर ओढले. वर, खाली, गोल. मी अडवले नाही (तत्त्व!). चुना लागताच हळद तांबडी झाली. दुसऱ्या दिवशी तिला सोडायला तिची आजी नर्मदाबाई आल्या आणि उंबऱ्यातच थिजल्या. "आगं माय! नरसिंह हाय ह्यो! ती आयाळ बघा, डोळे कसे वटारलेत बघा! वाटीत हळद पिवळी अन् भितीवर लाल झाली!" त्यांचे कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह. तासाभरात नारळ आला, उदबत्ती आली, आणि दारात चपला मावेनात.

मी शांतपणे पानाच्या डब्यातला चुना मागवला, तो कालवून हळद सर्वांसमोर लाल करून दाखवली. जमलेल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी असेच कुंकू झालेले आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. नर्मदाबाई म्हणाल्या, "तेच तर सांगायलेय बाई. आमी केलं तर कुंकू, लेकरानं केलं तर देव." देवाविषयी मला आदर आहे. माझे भांडण फक्त त्या लोकांशी आहे, ज्यांना मुलाचा हात दिसत नाही, त्यातून निघालेला देव तेवढा दिसतो.

परिणामी वर्गात आज एकोणीस मुले आहेत. बन्सीधरांनी आपले चिरंजीव स्वतः परत आणून सोडले. ("बघा बाई, आमच्याबी पोराच्या हातून एखादा मारुती निघाला तर.") आपली अट जवळजवळ दुपटीने पुरी झाली. फक्त भिंतीपुढे दोरी बांधली आहे, मुले सहा फुटांवर हात जोडून बसतात, आणि रंगाच्या वाट्या फळीवर वाळत आहेत. पहिल्याच दिवशी अर्पिता दोरीखालून भिंतीकडे गेली. आजीने तिच्या हातावर चापट मारली. "हात लावू नगं, देव हाय." आज नऊ दिवस झाले; ती हात पाठीमागे धरून उभी राहते. काल मी तिच्यापुढे साधी चिखलाची परात ठेवली, तर तिने माझ्याकडे पाहून विचारले, "लावू?" अण्णासाहेब, तिने आजवर कशालाही हात लावताना विचारलेले नव्हते.

असो. वहिनींना नमस्कार सांगावा. गुडघ्याला ऊब द्यावी.

आपली आज्ञाधारक (या पत्रापुरती),
प्रमोदिनी

ता. क. — रविवारी सकाळच्या गाडीने चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन यावे. भिंत आपल्या नावावर आहे. नर्मदाबाई माझे ऐकणार नाहीत, मालकाचे ऐकतील. चुना दिल्यावर एकोणिसाची पुन्हा सहा होतील आणि सिमेंटवाला खूश होईल, हे मी मोजून लिहीत आहे. तरी यावे.

ता. क. दुसरे — ज्या वटारलेल्या डोळ्यांवरून नर्मदाबाईंनी देव ओळखला, ते अर्पिताचे नाहीत. त्या दुपारी मुले गेल्यावर मी भिंतीपुढे उभी होते. फराटे फार सुरेख होते. तरी काहीतरी कमी वाटले. दोनच ठिपके दिले, अंगठ्याने.

ता. क. शेवटचे — चुना वाळेपर्यंत मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी मी अर्पितापुढे हळदीची वाटी ठेवणार आहे. तेव्हा कोणीतरी माझे हात धरायला हवेत.