लाल रंगातली माझीच वाक्यं

सर, माझा पेपर आज जर्नलला गेला. लेखक म्हणून एकच नाव आहे, माझं. हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्हाला ते आवडलं नसतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आमच्या घरी शिकवलेलं. पण तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला आडवे आलात, तेव्हा आता बोलते.

झालं असं. गावोगावच्या दूधसंस्थांच्या कारभारात बायका कुठे असतात, यावर मी पुन्हा लिहायला घेतलं. मॅनेजमेंटचं नावाजलेलं जर्नल, त्यामुळे नियमही तसेच. गोषवारा एवढाच हवा, संदर्भ अशाच पद्धतीने हवेत, लेखकाचं नाव वेगळ्या पानावर हवं, म्हणजे तपासणाऱ्याला कोणी लिहिलंय ते कळू नये. सगळं निमूट केलं. तुमच्या हाताखाली केलेल्या जुन्या कच्च्या मसुद्यातली काही वाक्यं अजून चांगली वाटली, तीही घेतली. माझीच होती, कोणाला विचारायचं? मग मजकूर कुठून उचललेला नाही ना, हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायला दौंडच्या आमच्या कॉलेजातल्या ग्रंथपालांकडे फाइल दिली. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बाजूच्या टेबलावर ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "मॅडम, ह्ये लय लाल आलंय. शिरूरच्या एका सरांचा जुना पेपर हाय, त्यातनंच घेतलंय म्हंजी."

"ती माझीच वाक्यं आहेत," मी म्हटलं.

"व्हय मॅडम, पन छापलंय त्यांच्या नावावर ना." बिचारा माझी लाज राखायला बघत होता. चोर मी ठरले, सर, माझ्याच घरात.

तुम्हाला आठवत नसणार, कारण तुम्ही आलाच नव्हतात. निमोणे, कवठे येमाई अशी गावं, धारेची वेळ गाठायची म्हणून पहाटेची गाडी, गोठ्यात उभं राहून लिहायचं. तुमचं शेणाच्या वासाने डोकं दुखायचं. निमोण्यातली एक बाई बादली मांडीत धरून मला सांगते आहे, "म्हस माझ्या हाताबिगर पान्हावत न्हाई, आन् डेअरीत नाव मालकांचं." ते वाक्य घेऊन मी धावतच शिरूरला तुमच्याकडे आले होते. तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर काकू मेथी निवडत होत्या, त्यांनी काड्या बाजूला सारून मला जागा करून दिली. तिथेच तो पेपर लिहून झाला. शेवटचं पान संपलं आणि तुम्ही पहिल्या पानावरचं माझं नाव खोडलंत. "अगं, तुझं नाव बघून कोण वाचणार हाय? माझ्या नावानं जाऊ दे. तुला काय, पुढं लय पेपर लिहायचेत." गाइडचं नाव लागतंच, सगळीकडे लागतं, एवढं मलाही माहीत होतं. फक्त तुमचंच लागेल हे माहीत नव्हतं.

अंक छापून आला त्या दिवशी काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "अहो, पोरीचं नाव कुठंय ह्यात?" तुम्ही चष्माही वर न करता म्हणालात, "हाय की. शेवटी, आभारात." आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे सरकवलात. मी पेढा खाल्ला. राबणारी एक आणि सभासद दुसरा, यावर तो आख्खा लेख होता, सर. त्यावर तुम्ही सहीसारखं आपलं नाव ठोकलंत आणि तुम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. इतका हुशार माणूस, आणि आपलाच लेख वाचता आला नाही.

आता माझ्यापुढे दोनच रस्ते. त्या वाक्यांना अवतरणचिन्हं लावून पुढे तुमचं आडनाव लिहायचं, नाहीतर ती मोडून नव्याने लिहायची. माझी मी मोडली. पण त्या बाईच्या बोलण्याचं काय करणार? ते मोडता येईना आणि तुमच्या आडनावाने मिरवू द्यायचं नव्हतं. शेवटी रविवारी उठून निमोण्याला गेले. ती आता थकली आहे, धार सून काढते. मला निरखून म्हणाली, "वळखलं की. त्या शिरूरच्या सरांच्या कामाला यायचा तुम्ही."

"सर कधी आले होते का इथे?"

"न्हाई बा. पर काम त्येंचंच व्हतं ना."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, पण भांडणार कोणाशी? मग डेअरीत आता कोणाचं नाव आहे ते विचारलं. "मालक गेलं तवा पोराच्या नावावर केलं. मला कुनी इचारलं न्हाई. आन् मीबी बोलले न्हाई." जुनं वाक्य काढून त्याच्या जागी हे मी जसंच्या तसं पेपरात घातलं. पुन्हा तपासलं तेव्हा लाल काही आलं नाही.

हे पत्र कुठे धाडण्यासारखं नाही. शिरूरच्या घरी काकू अजून आहेत, त्यांच्या हाती पडायला नको. आणि एक गोष्ट मला आवडत नाही, तरी लिहिते. पेपर पाठवण्याआधी कॉलेजातल्या दोघातिघांना वाचायला दिला होता. सगळ्यांनी "छान झालाय" म्हणून परत दिला, एकानेही एक ओळ खोडली नाही. फाइल चढवून झाली, फक्त बटण दाबायचं राहिलं, आणि मनात आलं की शिरूरची गाडी पकडावी आणि एकदा सरांना दाखवून यावं. माझं नाव तुम्ही खाल्लंत, ते मी सोडणार नाही. पण लिहिलेलं वाईट आहे असं तोंडावर सांगणारं तुमच्यानंतर मला कोणी भेटलेलं नाही. प्रस्तावनेतला पहिला परिच्छेद तुम्ही ठेवला नसता. मी तो काढला, आणि मगच पेपर पाठवला.