गल्लीतले दुकान आणि वसाहतीतले दुकान

माझ्या मुला, माझ्या मुली, आणि हे वाचून दाखवताना घसा खाकरणारे वकीलसाहेब, तुम्हां सगळ्यांची माझ्याविरुद्ध एकच तक्रार आहे: म्हातारी दुकानांचे काय करणार, ते कधी बोलली नाही. आता बोलते. बुद्धी शाबूत आहे, हात स्थिर आहे, कोणी कान भरलेले नाहीत. याआधी तोंडी काही कबूल केले असेल, तर ते रद्द समजावे.

राहते घर दोघांचे, समसमान. मध्ये भिंत घालायची नाही. बँकेतल्या शिलकेतून आधी कारागिरांचे भागवावे, उरेल ते दोघांत वाटावे. बुटांचे लाकडी साचे आणि माझी आरी मुलीला. तिचा टाका सरळ पडतो.

दिरांना क्षमेखेरीज काही नाही. मी चपलांच्या गल्लीत दुकान मांडले, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "वहिनी, तिथे मुंगीला शिरायला जागा नाही. मी नव्या वसाहतीत दुकान काढतोय, एकही स्पर्धक नाही." खरेच नव्हता. गिऱ्हाईकही नव्हते, अर्धी घरे कुलूपबंद होती. भाऊजी माश्या मारून थकले आणि दुकान मलाच विकून गेले. मी गल्लीत, ज्यांचा एक पाय लहान आणि एक मोठा, त्यांच्यासाठी दोन मापांचे जोड ठेवले. भाऊजींनी त्याला 'लंगड्यांचे दुकान' म्हटले. लोक तेच नाव विचारत आले. नावाबद्दल क्षमा, जाहिरातीबद्दल आभार.

आता मुख्य कलम. मुलाने वाढत्या पायाबरोबर लांब करता येणारे पोरांचे बूट तयार केले आहेत. तो वसाहतीतल्या दुकानात बसतो. म्हणतो, "आई, हे कोणीच विकत नाही, आणि इथे नक्कल करायलाही कोणी नाही." मुलगी गल्लीत शाळेचे काळे बूट विकते, जे सगळी गल्ली विकते. तिचे उत्तर ठरलेले: "दादा, सगळे विकतात म्हणजे खपतं. तुझे बूट तूच घाल."

"घातले असते गं, पण माझे पाय वाढायचे थांबलेत."

दोघांचा माल बरोबर आहे, जागा चुकीची आहे. जी वस्तू कोणी पाहिलेलीच नाही, ती घ्यायला कोण घरून निघेल? दुसरे काही घ्यायला आलेल्याच्या ती नजरेस पडली पाहिजे. तिला गर्दीच हवी. आणि ज्या वस्तूची गरज घराघरात ठाऊक आहे, तिने गर्दीत भाव पाडत का मरावे? भाऊजींच्या वसाहतीत आता शाळा भरते, आणि काळ्या बुटांसाठी आया पोरांना ओढत, बस बदलत आपल्या गल्लीत येतात. भाऊजींची जागा चुकली नव्हती. ते तिथे फार लवकर पोचले.

म्हणून गल्लीतले दुकान मुलाला आणि वसाहतीतले मुलीला देत आहे. दोघांपैकी एकानेही जागा बदलायला नकार दिला, तर दोन्ही दुकाने शेजारच्या नक्कलबहाद्दराला जावीत, ज्याने माझी पाटीसुद्धा रंगासकट उचलली. तो नाही म्हणणार नाही.

रुसवेफुगवे नंतर करा. आत्ता, वकीलसाहेबांनी कागदाची घडी घालण्याआधी, आपापल्या किल्ल्या काढून एकमेकांच्या हातात द्या.

सही: तुमची आई
साक्षीदार: समोरचा घड्याळजी (सही), वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई (सही)
स्थळ: दुकानाचा माळा
दिनांक: मार्चचा पहिला सोमवार