सपनाचा गणिताचा क्लास आणि रविवारची मीटिंग

केनवड,
शुक्रवार, दुपार

आदरणीय गुरुबंधू निजामुद्दीनभाई यांना जगदेवचा सलाम आणि रामराम, दोन्ही.

तुमची कंबर कशी आहे? सोमवारी आमची मशीन दुरुस्त करायला तुम्ही दोन तास वाकून बसलात, तेव्हापासून साधनाला त्याची काळजी लागली आहे. सुलतानबी भाभींच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले? तुमच्या यूसराचं बाळ आता बसायला लागलं असेल. त्याच्यासाठी टोपडं शिवून ठेवलंय, पण डोक्याचं माप अंदाजाने धरलं, म्हणून आत बोटभर माया दुमडून ठेवली आहे, उसवलं की वाढेल. (मापाचा विषय निघाला की हल्ली माझ्या तळहाताला घाम येतो. का, ते पुढे येईलच.) इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खुशाल काही नाही. निजामभाई, मी फार भ्यालो आहे.

तुम्ही म्हणाल, फोन करायचा सोडून हा माणूस पत्र काय लिहीत बसलाय. मोठा फोन दिवसभर सपनाच्या अभ्यासाला असतो. माझा छोटा फोन तुम्ही पाहिलाच आहे, त्यातलं बोलणं समोरच्यापेक्षा शेजारच्याला जास्त ऐकू जातं. आणि माझी मशीन व स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. तो मीच शिवला, तेव्हा पातळ कापड स्वस्त पडलं म्हणून खूश झालो होतो. आता त्याची शिक्षा भोगतोय. म्हणून हे पत्र सेवालालच्या हाती देतो. तो उद्या सकाळी गाडी घेऊन कारंजाला निघेल. आत ब्लाउजची मापं आहेत असं त्याला सांगणार आहे, म्हणजे तो उघडून बघायचा नाही.

सपनाने दिवाळीनंतर शाळा सोडली, आणि लोकांना आम्ही टायफॉईड झाला होता असं सांगतो. टायफॉईड खराच होता. पण बरी होऊन ती शाळेत गेली, तोवर वर्गात अपूर्णांक शिकवून झाले होते. सरांनी तिला फळ्याजवळ उभं केलं, गणित आलं नाही म्हणून सगळ्या वर्गाकडून तिला एका सुरात 'ढ' म्हणवून घेतलं. बारा वर्षांची पोर. त्यानंतर रोज सकाळी दप्तर पाठीला लावलं की तिला उलटी व्हायची. आठ दिवस साधनाने बघितलं आणि नवव्या दिवशी दप्तर खुंटीला टांगून म्हणाली, "बस झालं. पोट्टी घरीच शिकन." पुढे मुक्त शाळेतून आठवीच्या परीक्षेला बसवायचं ठरलं. मराठी, इतिहास, विज्ञान साधनाने घेतलं (ती बारावी पास आहे, आणि ती बारावी पास आहे हे घरातली भांडीसुद्धा विसरत नाहीत). उरलं गणित. माझ्या गळ्यातल्या टेपकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ते तुमच्याकडं. दिवसभर मापच तर घेऊन राह्यले."

हाच तर लोकांचा गैरसमज आहे. गळ्यात टेप असली की डोक्यात गणित असणारच, असं सगळ्यांना वाटतं. खरं काय ते या जगात एक तुम्हालाच माहीत आहे. दहावीला गणितात मी तीनदा नापास झालो, तिसऱ्यांदा निकाल घरी न सांगता थेट कारंजाला येऊन उस्तादांच्या दुकानात काजं करायला बसलो, आणि शेजारच्या पाटावर तुम्ही होतात. लग्न ठरताना साधनाच्या घरच्यांना आमच्या वडिलांनी नुसतं 'दहावी' सांगितलं होतं. कोणी पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सव्वा, दीड, पाऊण मला कळतं, कापडावर हात फिरवला की कळतं. पण तेच आकडे एकाच्या डोक्यावर एक बसवून मध्ये रेघ ओढली, की माझे हातपाय गार पडतात. आता या माणसाने पोरीला अपूर्णांक शिकवायचे!

मग मार्ग काढला की ऑनलाइन क्लास लावू. निजामभाई, एकदा फोनवर 'सातवी गणित क्लास' असं शोधून बघा, आणि मग आठ दिवस झोप येते का तेही बघा. पहिल्या क्लासात एक पोपट होता. तो गणित विचारायचा आणि कोपऱ्यात सेकंद उलटे पळायचे. दहा, नऊ, आठ. सपना सोडवत होती आणि मी शेजारी बसून घामाने भिजत होतो. पाच मिनिटांत तिने स्वतःच तो बंद केला. दुसऱ्यात चाळीस पोरांचे चेहरे एकदम पडद्यावर आले, आणि ताई म्हणाल्या, कॅमेरा चालू करा, प्रत्येकाने उत्तर मोठ्याने सांगा. सपनाचा चेहरा असा पांढरा पडला की मी फोनच पालथा टाकला. तिसरं एक होतं, कोणी निवृत्त शिक्षिकाबाई साध्या फळ्यावर हळूहळू शिकवतात. पाहिजे तिथे थांबवा, पुन्हा ऐका. ना पोपट, ना फोन करणारं कोणी. ते मला संशयास्पद वाटलं. ज्याची जाहिरात नाही ते चांगलं कसं असेल, असा विचार मी केला. (माझ्या स्वतःच्या दुकानाला साधी पाटीसुद्धा नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.)

चौथ्याने मात्र मला पकडलं. त्यांचं म्हणणं, आधी मुलीची पातळी तपासू, चाचणी फुकट, मराठीतून. मी घाबरलो. फळ्याजवळचं सगळं पुन्हा झालं तर? म्हणून विचार केला की तिच्या आधी आपण बघावी, अवघड आहे की सोपी. भाजी वाढण्याआधी बाई मीठ बघते, तेवढाच माझा हेतू. सोमवारी तुम्ही निघालात, त्या माय-लेकी दळण आणायला गेल्या, आणि मी फोन घेऊन बसलो. सुरुवातीलाच नाव, इयत्ता, जन्मतारीख विचारली. मी सत्तेचाळीस वर्षांचा असं टाकलं तर ते पुढे जाऊच देईना. म्हणून टाकलं, सपना, सातवी.

पंचवीस प्रश्न होते, आणि प्रत्येकाखाली 'उत्तर कसं काढलं ते लिहा' अशी चौकट. माईकचं बटण दाबून बोललं की आपोआप लिहिलं जातं. एक प्रश्न होता, तीन मीटर कापडातून पाऊण मीटरचे किती तुकडे निघतील? हा तर आपला प्रश्न! मी लिहिलं, तीन. खाली कारण दिलं, 'धुतल्यावर कापड आटते, शिवाय माया सोडावी लागते, चौथा तुकडा तोकडा पडेल, गिऱ्हाईक परत आणून देईल.' बारा मजूर एक काम आठ दिवसांत करतात, तर सहा मजूर किती दिवसांत करतील? मी लिहिलं, आठच. 'बारातले सहा नुसत्या गप्पा मारतात.' ताशी साठ किलोमीटरने जाणारी बस एकशेऐंशी किलोमीटर किती वेळात जाईल? 'साडेचार तास. मध्ये मालेगावला चहा होतो.' तुम्हीच सांगा, यात खोटं काय आहे? शेवटच्या दहा प्रश्नांत ती रेघवाली गणितं आली. तेव्हा मी डोळे मिटून बोट ठेवलं.

मंगळवारी निकाल आला तो मोठ्या फोनवर, आणि फोन सपनाच्या हातात. लाल अक्षरात लिहिलं होतं, 'सपना, पंचवीसपैकी सहा. पातळी : तिसरी. पाया अतिशय कच्चा, तातडीने लक्ष द्या.' तिला वाटलं, पोपटाच्या क्लासात तिने सोडवलं होतं, त्याचेच हे मार्क आहेत. ती रडली नाही. रडली असती तर मी तेव्हाच बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. तिने कंपासपेटी मिटली, स्टुलावर चढून कपाटाच्या वर सरकवली आणि आईला म्हणाली, "सर मले म्हणत होते ते खरंच होतं, आई." मी पडद्याच्या अलीकडे मशीनवर होतो. पायाखाली मशीन चालूच राहिली. सरपंचीणबाईंच्या ब्लाउजची उजवी बाही मी डाव्या बाजूला लावून टाकली.

त्याला आज चौथा दिवस. रोज सकाळी ठरवतो की चहा झाला की सांगू. चहा होतो. मग वाटतं, जेवणानंतर. सपना जेवते अर्धी भाकर. तिला खरं सांगावं तर बाप कोण आहे ते कळेल. न सांगावं तर ती आयुष्यभर स्वतःला ढ समजेल. दोन्हीची भीती वाटते, आणि दुसरीची जास्त वाटायला पाहिजे हे कळत असूनही पहिलीचीच जास्त वाटते, याची लाज वाटते.

त्यात त्या चौथ्या क्लासच्या मॅडम रोज फोन करतात. आवाज इतका गोड की अंगावर काटा येतो. म्हणतात, सपनाचं भविष्य आपल्या हातात आहे, रविवारी अकरा वाजता आई, वडील आणि मुलगी तिघांनी व्हिडिओवर बसा, आम्ही तिची उत्तरपत्रिका पडद्यावर दाखवून एकेक चूक समजावू. एकेक चूक! म्हणजे आटणारं कापड, गप्पा मारणारे मजूर आणि मालेगावचा चहा, सगळं साधनासमोर येणार. साधनाने 'माया सोडावी लागते' एवढं वाचलं की तिला दुसरं काही विचारायची गरज नाही. मीटिंग नको म्हणून सांगायला मी फोन लावला, तर मॅडम म्हणाल्या, असे घाबरणारे पालकच मुलांचं नुकसान करतात. मी हो म्हणून ठेवून दिला. बाई खरं बोलल्या, म्हणून जास्त राग आला.

असो. भाभींना आदाब, यूसराच्या बाळाला गोड पापा. कंबरेला गरम विटेने शेका, पण वीट फडक्यात गुंडाळून.

तुमचा,
जगदेव

ता. क. : खरं काम राहिलंच. ती उत्तरं वाचून कोणीही सांगेल की ही शिंप्याची उत्तरं आहेत. तेव्हा आळ घ्यायचा तर दुसऱ्या शिंप्यानेच घ्यायला हवा. सोमवारी तुम्ही आमच्याच घरी होतात. रविवारी दहापर्यंत या आणि सपनाला म्हणा, बेटी, तो फोन मीच चाळत होतो, ती चाचणी मीच दिली. तुमच्यावर तिचा फार जीव आहे, तुम्ही तिसरीच्या पातळीचे निघालात म्हणून तो कमी होणार नाही. माझं तसं नाही, मला इथेच राहायचं आहे.

दुसरा ता. क. : शुक्रवार, संध्याकाळ. तुम्ही शाळेत गणितात पहिले यायचात हे सपनाला तुम्हीच मागे सांगितलंय, ते आत्ता आठवलं. चष्मा विसरला होता असं सांगा.

तिसरा ता. क. : शनिवार सकाळ. सेवालाल बाहेर हॉर्न वाजवतोय, घाईत लिहितो. मघाशी सपना गणिताची पुस्तकं दोरीने बांधून घेऊन आली. म्हणाली, "बाबा, हे सेवालालकाकाच्या गाडीत टाकू काय? रद्दीत देतीन ते." माझा पाय मशीनवरून निघाला. मी म्हणालो, "ते सहा मार्क तुहे नाही, सपना. माये हायत." तिला समजेना. मी फोन घेऊन तिला ती उत्तरं दाखवली. मजुरांपर्यंत ती गंभीर होती, मालेगावच्या चहाला तिला हसू आलं, चार दिवसांनी पहिल्यांदा. मग हसू थांबलं आणि तिने विचारलं, "म्हंजे मी ढ नाही?" म्हटलं, "नाही माय." "मंग तुमी ढ हा काय?" मी म्हणालो, "हो. दहावीले तीनदा नापास झालो, पोरी. कोनाले सांगतलं नाही." तिने ती उत्तरं पुन्हा एकदा वरून खाली वाचली. मग म्हणाली, "नाही बाबा. तुमाले कोनं नीट शिकवलंच नाही." निजामभाई, तीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होतो, आणि ते मला आज कळलं. मी रडलो. दोरी सोडून तिने पुस्तकं परत फळीवर ठेवली. निवृत्त बाईंचाच क्लास लावायचं तिने ठरवलं आहे. मीही शेजारी बसायचं, असं तिने बजावलं आहे. रविवारच्या मॅडमना ती स्वतः नको म्हणून सांगणार आहे.

तेव्हा तुम्ही खोटं बोलायची आता गरज नाही. तरीही रविवारी याच, जमलं तर आजच या. मी हे सगळं पडद्याच्या अलीकडे बोललो. पलीकडे भांड्यांचा आवाज तेव्हापासून बंद आहे, आणि साधना अजून बाहेर आलेली नाही.