करगोट्याची गाठ

२ जुलै
दादाचं डोकं अजून दुखतं. होळीच्या सुमारास जाळं ओढायची कप्पी सुटून कपाळावर बसली, तेव्हापासून. जखम भरली. मासेमारीची बंदी उठली की बोट काढणार, सुकाणू स्वतः धरणार म्हणतो. डॉक्टर बाईंनी मेंदूचा एमआरआय लिहून दिला. असा मार बसलेल्यांत पुढे झटके कुणाला येऊ शकतात, याचा त्यातून अंदाज येतो. वहिनीने पिशवीत कांदा ठेवलाय. झटका आलाच तर हुंगवायला.

५ जुलै
बोईसर, एमआरआयसाठी. अंगावरचं सगळं धातूचं काढायचं. दादाच्या कमरेच्या करगोट्यात लोखंडी कडी, आईने ओवलेली. करगोटा कापतात तो माणूस गेल्यावर. मशीनवरच्या मुलीच्या हातात कात्री दिसताच दादा उठला.
"मी जिता हाय अजून."
मी कॉलेजात मराठी शिकवतो. तिला समजावायला गेलो, करगोट्याची व्युत्पत्ती सांगू लागलो. तिने कात्री खणात टाकली. "कापत नाही काका. सोडवू." खाऱ्या पाण्याने गाठ दगड झालेली. नखांनी उकरत बसली. बाहेरचे पेशंट कुरकुरत होते, तिने मान वर केली नाही. गाठ सुटली. करगोटा वहिनीच्या ओंजळीत ठेवला.
नाव विचारायचं राहिलं.

८ जुलै
पालघर. डॉक्टर बाईंनी चित्रं लावली. मेंदूचे काप, एकामागून एक. उजवीकडे, कपाळामागे, काळे ठिपके. जुनं रक्त. भोवती व्रण. आणि हे सगळं दिसतंय कवटीला कुणी हातही न लावता. मी बघत राहिलो.
दादा म्हणाला, "पन मला झटका आलाच नाय."
"म्हणून तर आत्ता सांगतेय. येईलच असं नाही. पण धोका आहे. निदान वर्षभर सुकाणू नको. पाण्यावर एकटं नको."
खात्री दिली नाही, भीतीही घातली नाही. इतकं मोजून बोलणं.
वहिनीने कांद्याचं विचारलं. "कालवणात घाला. झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही." वहिनीने दोनदा म्हणून पाठ केलं.

१९ जुलै
गावी. दादा बोटीला रंग देतोय. चुलतभाऊ काशिनाथ सुकाणू धरायला तयार आहे. दादा ऐकत नाही.
"करगोटा दे."
वहिनी: "सुकानू धरनार नाय म्हना, मंग बांधते."
"चड्डी गळंल माझी."
"दोनी हातांनी धरा. मंग सुकानूला हात उरनार नाय."
काशिनाथ रंगाच्या डब्यावरून पडायचा राहिला. दादाही हसला. शब्द दिला नाही.

२६ जुलै
डॉक्टर बाईंकडच्या चित्राचा फोटो मी फोनवर काढला होता, तो दादाने पुन्हा मागितला. बोटाने मोठा केला, लहान केला.
"एवढासाच हाय."
मग ठिपका पुन्हा मोठा करून: "खडकबी पान्यावर एवढाच दिसतो."
फोन परत दिला. ब्रश उचलला.

१ ऑगस्ट
बंदी उठली. पहाटे धक्क्यावर. बोटी निघतायत. काशिनाथ सुकाणूजवळ उभा, हात न लावता. दादा बोटीच्या काठाशी आला, सदरा वर केला, कंबर वहिनीपुढे केली. तिच्या मुठीत करगोटा.
"आधी शब्द."
कुणीतरी इंजिन चालू केलं. दादाने मान वळवून सुकाणूकडे पाहिलं. सदरा तसाच वर धरलेला, दोन्ही हातांनी. वहिनीने गाठ मारायला घेतली.