अभयची सही

१२ फेब्रुवारी, सोमवार
अभयला पोलिसांनी नेलं. माझ्या भावाला, चोर म्हणून! एकतीस वर्षांचा, पण अक्कल सात-आठ वर्षांच्या पोराची. लालबागला मिरचीच्या दुकानांत पोती उचलतो, अख्खी गल्ली ओळखते. कुणीतरी पळता पळता त्याच्या हातात मोबाईल कोंबला, "धर" म्हणाला. हा धरून उभा. पोलीस आले तरी उभाच. समोरच्या दुकानातल्या नम्रताने डोळ्यांनी पाहिलं.
धावत पोलीस स्टेशनला गेले. दिव्यांगाचं कार्ड दाखवलं. हवालदार म्हणे, दिसतो तर नॉर्मल.

१३ फेब्रुवारी
गुन्हा कबूल केलाय म्हणे! दोन पानं, खाली अभयची वेडीवाकडी सही. आणखी एक चोरी त्यातच घुसवली — माझगावची. अभय एकटा चिंचपोकळीचा पूलसुद्धा ओलांडत नाही! विचारताना सोबत ना मी, ना वकील. सही कर, घरी जा, असंच सांगितलं असणार.
ती सही मीच शिकवली होती त्याला. बँकेसाठी. महिनाभर गिरवून घेतली.

१४ फेब्रुवारी
वकील रश्मी म्हणाली, पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. मग आत का टाकला? ती जामिनाचा अर्ज लिहायला बसली.

१७ फेब्रुवारी
तुरुंगावर गेले, भेट नाकारली. आई जेवत नाही.

२१ फेब्रुवारी
पाच मिनिटं भेटला. शर्ट उलटा. हात पांढरे पडलेत. बरॅकमधले सगळ्यांची भांडी त्याच्याकडून घासून घेतात. मी काचेवर हात आपटला, तर शिपाई मलाच ओरडला.

२६ फेब्रुवारी
जामीन झाला. नम्रताच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात सगळं दिसतंय — दोन आठवडे एकाही पोलिसाने फुटेज मागितलं नव्हतं! न्यायाधीशांनी मला अभयबद्दल विचारलं. मी ठणकावून सांगितलं, "साहेब, याला काही कळत नाही." तीनदा सांगितलं. अभय मागे मान खाली घालून उभा होता.

२८ फेब्रुवारी
अभय दोन दिवस घरीच आहे. आज चहा ठेवला तसा म्हणाला, "ताई, मी त्यांना सांगत होतो, मोबाईल माझा नाय. तू पोलीस स्टेशनला आलीस तेव्हा तुला पण सांगत होतो. तू म्हणालीस, अभय, तू गप्प बस."
म्हणाले होते.