धूळ लावायचं काम

५ फेब्रुवारी

मामाने आज मला कोंबड्यांच्या खुराड्यात बसवलं! म्हणजे खुराड्यातल्या गाडीत. "ए भटकभवानी, स्टिअरिंग धर, फोटो काढतो." गाडी कसली — चाकं लावलेलं अंड्यांचं कपाट. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यावर बसलेली, हलायला तयार नाही. मामा तिला म्हणतो, "बसा बाई, बसा. तुम्ही फोटोत हव्याच."

हा माझ्या सख्ख्या मामाचा धंदा. लोकांच्या गोठ्यात, गोदामात, पडवीत विसरून गेलेल्या जुन्या गाड्या हुडकायच्या आणि शौकिनांना विकायच्या. शौकीन म्हणे! पंक्चर झालं तर ड्रायव्हरला फोन लावणारे.

आईचं म्हणणं, "एकदा तरी एका जागी टिक." वेल्डिंगचा कोर्स अर्धा, नर्सरीतली नोकरी अर्धी, बोटीवर स्वयंपाकाला गेले, तिथूनही मधल्याच बंदरात उतरले. मामा म्हणाला, गाड्या चालवायला मिळतील. म्हणून आले. बाकी कशाला कोण येतंय!

८ फेब्रुवारी

कपाट चालू झालं. चालवलं. ब्रेक दाबला की आधी ते विचार करतं. मग थांबायचं सोडून डावीकडे जातं — बहुतेक तिकडे त्याचं काही काम असावं. स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे विनंती अर्ज करायचा, मंजूर होईल तेव्हा होईल. "जुन्या गाड्यांची शान" म्हणतात ती हीच असेल, तर मला बैलगाडी द्या, निदान बैलाला डोळे असतात.

९ फेब्रुवारी

केसांतून अजून पिसं निघतायत.

१२ फेब्रुवारी

आज एक गाडी बघितली. नीट लिहायला हवं.

टायपिंगच्या बाईंची. पूर्वी त्यांचा टायपिंगचा क्लास होता, अर्धं गाव त्यांच्याकडे शिकलं, म्हणून अजून तेच नाव. नजर गेलीय. उजेड कळतो, माणसांचे ठिपके कळतात, बस्स. घरामागे पत्र्याची शेड, त्यात पांढऱ्या चादरीखाली ही. गडद हिरवी, चार दारं, नाक लांब. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. आणि अंगावर धुळीचा कण नाही! न बघता पुसतात बाई. रोज.

मामाचं तोंड उतरलं. शेडबाहेर आल्यावर मला म्हणतो, "वाट लावली म्हातारीने. पुसलीय! अगं, लोकांना विसरलेली गाडी पाहिजे असते. सांभाळलेली कोण घेतो?"

बाईंनी मला चालवायला सांगितली, स्वतः शेजारी बसल्या. पुढची सीट एकच, सोफ्यासारखी सलग. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. चोक ओढला, बटण दाबलं. मला वाटलं खोकेल, रुसेल. छे! वाट बघत बसलेल्या माणसासारखी लगेच बोलायला लागली.

कशी चालते, सांगता येत नाही. घाई नाही तिला. चाळिशीत गुणगुणते, पन्नाशीत गप्प होते, आणि मग फक्त रस्ता ऐकू येतो. वळताना दारामागच्या खांबातून एक पिवळा हात टपकन बाहेर येतो — हाच इंडिकेटर! वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखा. मला कधी कुठलं उत्तर आलं नाही, त्यामुळे हात वर करायची मजा पहिल्यांदाच. उगीचच तीनदा वळले.

फक्त दुसरा गिअर. प्रत्येक वेळी खर्रर्र! बाईंच्या कपाळाला आठ्या. "अगं, मध्ये श्वास घे. क्लच सोड, परत दाब, मग टाक. तिला दटावू नकोस."

द्यायला तयार आहेत. अट एकच. "चालवणाऱ्याला द्या. उभी केलीत तर मरेल ती." मामाने गळ्याला हात लावून शपथ घेतली. गळा त्याचाच होता, म्हणजे फार काही धोका नव्हता.

१५ फेब्रुवारी

बाईंची हिरवी काल आणली. आजचं काम : धूळ लावणे.

खोटं वाटेल. पण शौकिनाला गाडी "जशी सापडली तशी" हवी असते, आणि तशी नसेल तर मामा तशी करून देतो. पातळ खळ फवारायची, ओली असतानाच चाळणीने माती भुरभुरायची. मग वरून कोरडी. माती संपली म्हणून शेजारच्या सलूनवाल्याकडून झाडलोटीची पिशवी आणली, तर निम्मे केसच! मामा म्हणाला, "राहू दे. उंदराचे सांगू." मागच्या सीटवर कपाटातली पिसं. काचेवर कबुतरांची कामगिरी — ती मात्र अस्सल, मामा कबुतरं त्याचसाठी पाळतो.

त्या चकचकीत हिरव्यावर चाळणी धरताना हात थोडा थांबला. थोडाच. वेल्डिंग सोडताना तेवढाही थांबला नव्हता.

१६ फेब्रुवारी

मामा बाहेर गेला होता, हिला जरा हायवेला नेली. परत आले तर वरची सगळी कोरडी धूळ उडून गेलेली! मामा कपाळ बडवतोय. "कालची अख्खी मेहनत! चालवायची नसते गं हिला आता!"

पुन्हा चाळणी.

२० फेब्रुवारी

गाडी घेणारा शेठ आला. पांढरे हातमोजे घालून. त्याच्या बंगल्यात काचेची खोली आहे, तिथे गाड्या ठेवतो, कोणी शिंकलं तरी चालत नाही. सलूनमधल्या केसांपुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "केवढा काळ साचलाय यावर!" मला पुडीतून आणून दाखवावासा वाटला आणखी थोडा काळ.

तेल, पेट्रोल सगळं काढून टाकायचं. धुळीवर वरून वार्निशसारखं काहीतरी मारणार, म्हणजे कायमची बसेल. "चालवणार का कधी?" मी विचारलं. शेठ मामाकडे बघून हसला. "पोरगी गमतीशीर आहे तुमची."

मामाही हसला. बिनकण्याचा!

२२ फेब्रुवारी

बाई आल्या. काठी टेकत, रिक्षाने, न कळवता. "माझी कशी आहे? कोण चालवतं?"

गाडी समोरच उभी. मामाचा रंग उडाला. बाई चालत गेल्या नेमक्या तिच्याकडेच. बॉनेटवर तळवा ठेवला. बोटं एकमेकांवर घासली. मग दाराच्या मुठीवरून हात फिरवला, सावकाश.

"ही कुणाची हो?"

मामा म्हणाला, "ही होय? दुसरी आहे. खुराड्यात सापडली. तुमची गेली ना, चांगल्या माणसाकडे. रोज फिरवतो तो."

"अस्सं," बाई म्हणाल्या. माझ्या ठिपक्याकडे वळल्या. "तू काय म्हणतेस गं?"

मी चहा सांगून येते म्हटलं. कुणी चहा मागितला नव्हता.

परत आले तेव्हा रिक्षा वळत होती. मामा म्हणाला, "वाचलो!" दोन्ही कप त्यानेच प्यायले.

२३ फेब्रुवारी

मामा नालायक. शेठ नालायक. तिसरं नाव लिहायला बसले तर सलूनवाल्याचं मांजर आलं, त्याच्याशी खेळत बसले.

२४ फेब्रुवारी

उद्या शेठचा ट्रक येतोय. मामाने पाना हातात दिला. "तेल काढून ठेव, मी जेवून येतो."

खाली सरपटत गेले. नटाला पाना लावला. एरवी एवढी भांडखोर मी, अगदी शहाण्यासारखी पडून राहिले तिथे. वर बघितलं तर पोटाखालचा पत्रासुद्धा स्वच्छ. तिथे कोण बघणार होतं? तरी बाईंनी पुसलाय. खाली उताणं सरकून. या वयात.

नट तसाच ठेवला. मामाला सांगितलं, काढलं तेल. त्याने वाकूनही बघितलं नाही. तपासायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही, गाड्या चालवत नाही ना तो!

२५ फेब्रुवारी

ट्रक यायच्या आत घेऊन निघाले. हायवेला साठपर्यंत नेली, मागे धुळीचा लोट, सलूनचे केस, पिसं — सगळा काळ उडाला! उरलेली खळ पंपावरच्या पाण्याने धुतली. मामाचे फोन येतायत. येऊ देत. बाईंच्या वळणावर पिवळा हात बाहेर काढला आणि हॉर्न दाबला.

बाई फडकं घेऊनच बाहेर आल्या. "त्या दिवशीच ओळखली होती. मुठीच्या खाली खाच आहे, माझ्या अंगठीने पडलेली. म्हटलं, बघू या, दोघांपैकी कोण बोलतं."

मी शेजारचं दार उघडलं.

त्या चाचपत शेजारी येऊन बसल्या. डावा हात मांडीवर, उजवा दांड्यावर.

"क्लच दाबलास की सांग. तू रस्ता बघ, गिअर मी टाकते."