पाहुण्यांसाठी बांधलेला डेक

ती. आत्या,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. खरोखर वाकायला घरात सध्या एकच मोकळी जागा आहे, ती म्हणजे मागच्या दारचा नवा लाकडी डेक, आणि तिथे या घडीला शेजारचे काका पाय पसरून बसले आहेत. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही. ती उत्तम असते, आणि त्याबद्दलच मला पुढे थोडी तक्रार करायची आहे. इकडे सगळं ठीक. बाबा गोळीवर आहेत, आई वॉकरवर आहे आणि मी नोकरीवर आहे.

बाबांनी तुला डेकचा फोटो पाठवला, आणि तू ‘पाहुण्यांची झकास सोय केलीस’ असं कळवलंस. ते त्यांनी मला दाखवलं, मग थोड्या वेळाने पुन्हा दाखवलं. फोटोत खोटं काही नाही. लाकूड चांगलं आहे, फळ्यांमधल्या फटी अगदी सारख्या आहेत, आणि तिन्ही बाजूंना पक्के बाक आहेत. फक्त फोटो झाडाच्या बाजूने काढलेला आहे. दाराच्या बाजूने काढला असता तर तुला जे दिसलं असतं ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. तू लांब राहतेस आणि येतेस तेव्हा पाहुणी असतेस, त्यामुळे ती तुला ठाऊक नसेल. आईसाठी म्हणून या घरात काही आणायचं नसतं. ‘हे तुझ्यासाठी’ असं म्हणून वस्तू पुढे केली की ती वस्तू तिथेच मरते. (मागे एकदा मी पगारातून तिला आरामखुर्ची आणली आणि तिच्यासाठी आणली असं बोलून बसले. त्या खुर्चीवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे. तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.) म्हणून बाबांनी स्वतःची एक पद्धत बसवली आहे. आईची मऊ गादी एका मित्राने ‘जागा नाही म्हणून ठेवायला दिलेली’ आहे. आईचा चष्मा दुकानदाराने बाबांच्या चष्म्यावर फुकट दिला. नवा मिक्सर ऑफिसच्या सोडतीत लागला, निवृत्त झाल्यानंतर. या माणसाने बायकोशी गंभीर खोटं कधीच बोललेलं नाही, फक्त तिच्या सोयीबद्दल खरं कधी बोललेलं नाही. लोकांना यात प्रेम दिसतं. मी तांत्रिक शिक्षण घेतलेली असल्यामुळे मला त्यात एक दोष दिसतो: ज्या वस्तूचा खरा उपयोग कोणालाच सांगायचा नाही, ती वस्तू त्या उपयोगाची बनेल याची हमी कोण देणार?

तर डेकबद्दल. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती परसात उतरलेली नाही. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर दोन पायऱ्या होत्या, आणि वॉकर सपाटीवर चालतो, पायऱ्या उतरत नाही. तेव्हापासून ती खिडकीत उभी राहून बाग चालवते. मी नळी धरायची आणि तिने आतून उलथन्याने खुणा करायच्या: त्या कुंडीला कमी, लिंबाच्या आळ्यात जास्त, नाही, तू उभी आहेस त्याच्या मागे. एवढ्या लांबून माझ्यावर देखरेख तर आमच्या कंपनीतले साहेबसुद्धा करत नाहीत.

बाबांना हे बघवेना. एक दिवस त्यांनी मला गाडीत बसवलं, काचा वर केल्या, आणि कुजबुजून सांगितलं की मागे डेक बांधायचा, थेट स्वयंपाकघराच्या फरशीच्या पातळीला, म्हणजे ती चालत बाहेर येईल आणि झाडाखाली बसेल. (गाडी आमच्याच फाटकात उभी होती. आई खिडकीतून हात हलवत होती.) मला खरंच बरं वाटलं. मी कारखान्यांच्या शेड डिझाइन करते. त्यांच्यात कोणी बसेल असं मला कधी वाटलेलं नाही. हा डेक मी मन लावून काढला. खांब, पाया, वासे, सगळं. उंबरा काढून टाकायचा, दाराला लागून एक जाळीची पन्हळ ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी आत न येता खाली जाईल. चित्रावर मोठ्या अक्षरात लिहिलं: डेकची पातळी आतल्या फरशीइतकीच. आणि कंसात ‘वॉकरसाठी’ असं लिहिलं, ते बाबांनी मला खोडायला लावलं. चित्र घरात राहणार होतं, आईच्या नजरेला पडलं असतं. आईला काय सांगितलं होतं? पाहुण्यांसाठी बांधतोय.

इथे बाबांनी आईला ओळखलं नाही. स्वतःसाठी कपभर दूध जास्त न घेणारी बाई पाहुण्यांसाठी मात्र भिंत पाडेल. पाहुण्यांसाठी म्हणताच आईने डेकचा ताबाच घेतला. बाक हवेत आणि ते पक्के हवेत, पाहुण्यांनी खुर्च्या ओढायच्या का? कठडा हवा, त्यांची मुलं पडली तर? माझ्या चित्रातली जागा वॉकर वळण्याएवढी मोकळी ठेवलेली होती. तिथे आईने स्वतः एक चौकोनी टेबल बसवलं, पाहुण्यांनी कप कुठे ठेवायचे म्हणून. त्याच सुमारास मला एका साइटवर परगावी जावं लागलं. निघताना मी बाबांना एवढंच म्हटलं की बाकी काय वाटेल ते बदला, पातळी बदलू नका. ते म्हणाले, मी काय वेडा आहे का? मी हा प्रश्न उत्तराची अपेक्षा नसलेला मानला आणि निघाले.

मी नसताना जे घडलं ते मला सुताराने सांगितलं. (त्याच्या कार्डावर ‘इंटिरियर’ असं छापलेलं आहे आणि हाक त्याच नावाने मारलेली त्याला आवडते.) त्याने काम सुरू करताना बाबांना विचारलं की साहेब, डेक एवढा वर का घेताय, पाणी घरात येईल. माझ्या पन्हळीवर त्याचा विश्वास नव्हता. एक तर ती त्याने कधी केली नव्हती, आणि दुसरं म्हणजे ती एका मुलीने काढली होती. त्या वेळी दारात तीन माणसं उभी होती: बाबा, शेजारचे काका आणि वॉकर धरून आई. आता बाबांनी द्यायचं उत्तर एका शब्दाचं होतं. ‘हिच्यासाठी’. ते त्यांना आईसमोर देता येईना. ते बराच वेळ आकाशाकडे बघत राहिले, असं इंटिरियर म्हणतो. मग काकांनी मत दिलं. काका आयुष्यभर एका कचेरीत आवक-जावक बघत होते, त्यामुळे दारांबद्दल त्यांना अधिकार आहे असं ते समजतात. ते म्हणाले की दाराबाहेर पायरी असली म्हणजे घराला रुबाब येतो. आई म्हणाली, बरोबर आहे, पाहुण्यांना जरा वर चढून आल्यासारखं वाटेल.

आणि बाबा म्हणाले, “ठेवा मग पायरी.”

आत्या, मी लोखंडाचे मोठाले सांगाडे कोसळल्यानंतरचे अहवाल वाचलेले आहेत. त्यात शेवटी कारण असतं: गंज, भार, वारा. ‘नवऱ्याला लाज वाटली’ असं कारण मी आजवर कुठल्याच अहवालात वाचलेलं नाही.

परत आले, लेव्हलची नळी ठेवून डेक तपासला. या टोकापासून त्या टोकापर्यंत बुडबुडा मधोमध. इतकं सपाट काम मी माझ्या साइटवरसुद्धा पाहिलेलं नाही. आणि ते सगळं सपाट काम उंबऱ्याच्या वीतभर खाली. मी बाबांना गाडीत बसवलं आणि काचा वर केल्या. म्हटलं, हे काय केलंत? ते म्हणाले, आता काढायचं म्हटलं तर कारण सांगावं लागेल. मी म्हटलं, मग सांगा. ते म्हणाले, सांगितलं तर ती कधीच बाहेर येणार नाही, तुझ्या खुर्चीचं काय झालं? मी म्हटलं, न सांगता तरी कुठे आली आहे? यावर त्यांनी वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

त्यानंतरचं तर अजून वाईट. पाहुण्यांसाठी बांधलेल्या डेकला पाहुणे लागतात, नाहीतर आईला संशय यायचा. म्हणून बाबा माणसं बोलवू लागले. जुने सहकारी, त्यांचे मेहुणे, एकदा तर मीटर बघायला आलेला माणूस. काकांना बोलवावं लागत नाही, ते संध्याकाळी आपोआप येतात आणि वर्तमानपत्र वाचून दाखवतात, जे आम्ही सकाळी वाचलेलं असतं. आई आत चहा करते. ट्रे वॉकरवर आडवा ठेवून तोल सांभाळत दारापर्यंत येते, तिथे थांबते, आणि उंबऱ्यावरून एकेक कप खाली देते. रेल्वेच्या खिडकीतून तिकीट द्यावं तसं. ज्या बाईला झाडाखाली बसता यावं म्हणून हे सगळं उभं केलं, ती सोडून सगळी दुनिया तिथे बसून गेली, आणि त्या सगळ्यांचा चहा तिने केला. बाबा दाराकडे पाठ करून बसतात. पूर्वी ते तसे बसत नसत.

मी कारखान्यातून एक उतरता पत्रा आणला, खडबडीत, दोन्ही बाजूंना काठ असलेला. पायरीवर टाकला की झाला उतार. आईने विचारलं, हे काय? मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले की कुंड्या ठेवायला आणलंय. दुसऱ्या दिवशी काकांनी आईला मदत म्हणून त्याच्यावर ओळीने कुंड्या मांडून दिल्या. छान दिसतात. आई दारात उभी राहून त्यांना पाणी घालते, तेवढ्या तिच्या हाताला येतात. माझ्या क्षेत्रात ज्याला आपण पूर्ण पराभव म्हणतो, तो सहसा एवढा फुललेला नसतो.

हे सगळं मी तुला हसण्यावारी लिहिलं असतं आणि लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण गेल्या रविवारी पाहुणे नव्हते. बाबा अंघोळीला गेले होते. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले तर आई दारात होती आणि वॉकरचे पुढचे दोन पाय तिने उंबऱ्यापलीकडे खाली सोडले होते. वॉकर पुढे कलला होता, मागचे पाय हवेत. मी जाऊन तिचं कोपर धरलं. तिने वॉकर आत घेतला, पदराने हात पुसले, आणि म्हणाली, “किती खोल आहे ते बघत होते.”

एवढंच. मग विचारलं, रात्री भाजी कोणती करू?

बाकी सर्व क्षेम. बाबा तुझी आठवण काढतात, म्हणजे तुझा फोन आला की अजूनही उभं राहून बोलतात. वडीलधाऱ्यांना नमस्कार, आणि तुमच्याकडे वडीलधारी आता तूच उरली असल्याने तुलाच.

तुझी भाची,
थोरली

ता. क. कामाचं आता लिहिते. तू काही दिवस राहायला ये, आणि तुझे गुडघे गेले आहेत असं आधी फोनवर कळव. पायरी मुळीच चढवत नाही म्हण. बाबा तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, आणि वन्संना त्रास होतोय म्हटल्यावर आई स्वतः घण घेऊन ती पायरी फोडेल. मी इंटिरियरशी बोलून ठेवलं आहे: वासे तेच, पायाला हात लावायचा नाही, वरची चौकट वीतभर उचलायची आणि ते टेबल काढायचं. त्याला कारणही सांगितलं आहे. तो म्हणाला, हे आधी बोलायचं ना, ताई. तुझे गुडघे ठणठणीत आहेत हे मला माहीत आहे. मागच्या खेपेला तू माळ्यावरची ट्रंक एकटीने उतरवलीस, आणि दुर्दैवाने बाबांनाही ते आठवतं. तेव्हा नुकतंच सुरू झालंय म्हण.

ता. क. (दुसरा) बाबांच्या पद्धतीबद्दल वर मी जे लिहिलं आहे आणि तुला जे करायला सांगते आहे, त्यातली विसंगती मला दिसते. ती दाखवण्यासाठी वेगळं पत्र लिहू नकोस.

ता. क. (तिसरा) हे पाकिटात घालणार एवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. किती वेळ होती कोणास ठाऊक, वॉकरच्या रबरांचा आवाज होत नाही. मी कागदावर हात ठेवला. ती म्हणाली, राहू दे, मला कुठे चष्म्याशिवाय दिसतंय. चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. मग म्हणाली, “वन्संना लिही, येताना काठी घेऊन या. नुसतं दुखतंय म्हटलेलं तुझ्या बाबांना पटत नाही, डोळ्यांना दिसावं लागतं.” मी तिच्या वॉकरकडे पाहिलं. ती म्हणाली, “हा आता फर्निचरमध्ये गेला गं.” आणि काकांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेली.